लांबच्या सायकल राइडसाठी सुपरमार्केटमधला स्वस्त खाऊ: काय घ्यायचं, किती आणि कधी

पहिली शंभर किलोमीटरची राइड ठरली की लोक मला विचारतात, "जेल कुठली घेऊ?" जेल म्हणजे छोट्या पाकिटातून चोखून खायचा घट्ट, गोड पाक. माझं उत्तर ठरलेलं आहे. जेल नंतर बघू, आधी सुपरमार्केटमध्ये जा, पाकिटं उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. लांब राइडला लागणारं जवळपास सगळं त्या फळ्यांवर मिळतं, आणि तेही जेलपेक्षा खूप कमी पैशांत.

मी ब्रेव्हे चालवते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. इतका वेळ सायकलवर काढायचा तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी तोंडात काहीतरी जायला हवं. ते सगळं जेल आणि एनर्जी बारवर भागवलं तर एका मोसमाचा खाण्याचा खर्च चांगल्या टायरच्या जोडीच्या वर जातो. सायकल चालवायची हौस असलेल्या माणसाने निव्वळ खाण्याच्या खर्चाला घाबरून लांब राइड सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शरीर नेमकं काय मागतं

आपल्या स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं, यकृतात आणखी ८० ते १०० ग्रॅम. जोर लावून सायकल चालवली तर हा साठा दीड-दोन तासांत बराचसा संपतो. चरबीचा साठा प्रत्येकाकडे भरपूर असतो, अगदी सडपातळ माणसाकडेही, पण चरबीतून ऊर्जा हळूहळू मिळते. चढावर किंवा वाऱ्याविरुद्ध जोर लावायचा तर तेवढ्यावर भागत नाही. साठा संपत आला आणि वरून काही खाल्लं नाही की रक्तातली साखर उतरते. यालाच सायकलवाले 'बाँक' म्हणतात. पायांतलं बळ जातं, गार घाम फुटतो, हात थरथरतात, उगाच चिडचिड होते. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती डोकं चालेनासं होण्याची. गिअर कुठला टाकायचा, समोरची गाडी किती लांब आहे, हे पटकन कळत नाही, आणि रस्त्यावर ते धोक्याचं आहे.

हे ज्ञान नवं नाही. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी शर्यत संपवणाऱ्या धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा कोलमडण्याच्या बेतात आलेल्यांची रक्तशर्करा फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत काही जणांना धावता धावता साध्या गोड गोळ्या खायला दिल्या, आणि ते बऱ्याच चांगल्या अवस्थेत पोचले. तेव्हा ना जेल होती, ना एनर्जी बार. दुकानातल्या गोळ्यांनी काम झालं.

मग किती खायचं? तासाभराची राइड असेल तर काहीच नाही, पाणी पुरतं. दोन-अडीच तासांपर्यंत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स, म्हणजे साखर आणि स्टार्च मिळून. त्यापुढे ६० ग्रॅम, आणि पोटाला सवय असेल व वेग जास्त असेल तर ९० पर्यंत. हा आकडा वजनावर फारसा अवलंबून नाही, कारण खरी मर्यादा आतड्याची असते. ग्लुकोज आतड्यातून रक्तात ज्या वाटेने जातं, त्या वाटेने तासाला साधारण ६० ग्रॅमच जातं. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. दोन्ही मिळून खाल्लं तर जास्त शोषलं जातं आणि पोटात साचून राहत नाही. आणि आपली रोजची पांढरी साखर म्हणजे नेमकं हेच मिश्रण आहे, अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. फळांत आणि मधातही दोन्ही असतं. ब्रेड, बटाटा, भात यांचं मात्र शेवटी फक्त ग्लुकोज होतं. म्हणून ब्रेडला जॅम लावून खाणं हे नुसत्या चवीसाठी नाही, शोषणाच्या दृष्टीनेही शहाणपणाचं आहे.

एक ग्रॅम कार्ब्समधून ४ कॅलरी मिळतात. तासाला ६० ग्रॅम म्हणजे २४० कॅलरी. मध्यम वेगाने चालवणारा माणूस तासाला ५०० ते ७०० कॅलरी सहज खर्च करतो. हा हिशेब बघून काही जण दचकतात आणि दुप्पट खायला लागतात. तसं करू नका. उरलेली ऊर्जा चरबीतून आणि साठ्यातून येते, सगळी भरपाई सायकलवर करायची नसते. आरामात, गप्पा मारत चालवत असाल तर ३०-४० ग्रॅममध्येही दिवस निघतो.

पाकीट कसं वाचायचं

मागच्या तक्त्यात 'प्रति १०० ग्रॅम' असा रकाना असतो. तोच बघा. 'प्रति सर्व्हिंग' हा रकाना सोडून द्या, कारण सर्व्हिंग किती ग्रॅमची हे कंपनी ठरवते आणि तुलना होत नाही. १०० ग्रॅममध्ये कार्ब्स ७० च्या आसपास किंवा वर, फॅट १५ च्या खाली, फायबर ५ च्या खाली असेल तर तो पदार्थ सायकलवर चालतो. फॅट आणि फायबर एरवी चांगलेच, पण ते अन्नाला जठरात जास्त वेळ धरून ठेवतात. जोर लावताना रक्त पायांकडे वळलेलं असतं, पोटाला आधीच कमी मिळत असतं. अशा वेळी जड घास पोटात तसाच बसून राहतो.

फळं, ओला ब्रेड आणि पेयं यांना ७० चा नियम लावू नका, त्यांच्यात पाणी असतं.

स्वस्त काय, हे ठरवायची माझी एक साधी रीत आहे. पाकिटाची किंमत त्यातल्या एकूण कार्ब्सच्या ग्रॅमने भागायची. एवढंच. फोनवर दहा सेकंदांचं काम आहे. कुठेही करून बघा, साखर, ब्रेड, साधी बिस्किटं, केळी हे वरच्या नंबरांत येतात आणि जेल तळाला. एका जेलमध्ये बहुतेक वेळा २० ते २५ ग्रॅम कार्ब्स असतात. तेवढे सपाट भरलेल्या सहा छोटे चमचे साखरेत मिळतात.

जेल वाईट असते असं माझं म्हणणं नाही. शर्यतीत, जिथे चावायलाही फुरसत नसते, तिथे तिचा उपयोग आहे. पण शर्यतीत नसलेल्या माणसाला चावायला वेळ असतो.

फळ्यांवरून काय उचलायचं

केळं सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचं नाव उगाच झालेलं नाही. मध्यम केळ्यात २७ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲपलॅशियन स्टेट विद्यापीठात सायकलपटूंना ७५ किलोमीटरच्या चाचणीत एकदा केळी आणि एकदा स्पोर्ट्स ड्रिंक दिलं गेलं. वेळेत फरक पडला नाही. केळी खाणाऱ्यांना पोट भरल्यासारखं जास्त वाटलं, एवढंच. माझाही अनुभव तोच आहे, म्हणून मी एका वेळी अर्धं केळं खाते. पिवळ्या सालीवर तपकिरी ठिपके आलेलं केळं घ्या. हिरवट केळ्यात स्टार्च जास्त असतो आणि तो पचायला जड जातो. अगदी काळपट झालेलंही नको, ते खिशात दोन तासांत लगदा होतं.

खजूर आणि मनुका हे माझे आवडते. मनुकांत १०० ग्रॅमला जवळपास ८० ग्रॅम कार्ब्स असतात, खजुरात ७५. २०१२ मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी धावपटूंवर मनुका आणि खास खेळाडूंसाठी बनवलेल्या जेली गोळ्या यांची तुलना केली होती. दोन्ही नुसत्या पाण्यापेक्षा सरस ठरल्या आणि आपसांत सारख्याच निघाल्या. खजूर बिनबियांचा घ्या. बी तोंडात घोळवत चढ चढणं आणि मग ती थुंकायला वळणं, हे सायकलवर नको. आकाराकडेही लक्ष द्या. मोठ्या मेजूल खजुरात एकामागे १८ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स असतात, छोट्या खजुरात पाच-सहाच. 'तासाला तीन खजूर' असा सल्ला कुणी दिला तर कुठले तीन, हे विचारून घ्या. एक सावधगिरी मात्र हवी. सुक्या मेव्यात फायबर असतं. दिवसभर फक्त खजुरावर राहिलात तर संध्याकाळी पोट बोलायला लागेल. दोन-तीन तासांचं काम त्याच्यावर सोपवा, पुढचं दुसऱ्या कशावर.

ब्रेड-जॅम. याच्याबद्दल मी कितीही बोलू शकते. पांढऱ्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये १४ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स, सपाट मोठा चमचाभर, म्हणजे २० ग्रॅम जॅममध्ये आणखी १३. दोन स्लाइसचं सँडविच म्हणजे ४० ग्रॅम. एरवी घरी मी गव्हाचा, बियांचा ब्रेड खाते, पण राइडला पांढराच नेते. इथे आपल्याला लवकर पचणारं हवं आहे. लोणी लावू नका, किंवा लावलंच तर अगदी पातळ, जॅम ब्रेडमध्ये मुरू नये इतपत.

ते नीट बांधायची पद्धत अशी. ब्रेडच्या कडा कापून टाका, त्या सायकलवर घशात अडकतात. जॅम मधोमध जाड आणि कडेला बोटभर जागा सोडून लावा. दुसरी स्लाइस ठेवली की वर पोळपाट किंवा जड ताट ठेवून तळहाताने दाबा, इतकं की सँडविचची जाडी निम्मी होईल. मग चार चौकोन करा. प्रत्येक चौकोन म्हणजे १० ग्रॅम कार्ब्स, हा हिशेब पुढे रस्त्यावर फार कामाला येतो. दोन-दोन चौकोन बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि टोकं चॉकलेटसारखी पिळू नका, घडी घालून खाली दुमडा. पिळलेलं टोक उघडायला दोन हात लागतात. दुमडलेली घडी एका हाताच्या अंगठ्याने उलगडते आणि दुसरा हात हँडलवर राहतो. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नका, घामाने तिच्या आत वाफ धरते आणि ब्रेडचा चिखल होतो.

साधी बिस्किटं म्हणजे क्रीम नसलेली, चॉकलेट नसलेली, दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलेली. १०० ग्रॅमला ७५ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स. कोरडी असतात, त्यामुळे प्रत्येक दोन बिस्किटांमागे दोन घोट पाणी हवंच. क्रीमच्या बिस्किटांत फॅट वाढतं. अंजिराचं सारण भरलेले रोल मिळाले तर जरूर घ्या. मऊ असतात, चुरा होत नाहीत, आणि फळाची साखर व पीठ असं दोन्ही त्यात येतं.

जेली गोळ्या, म्हणजे मुलं खातात त्या गमी, हा जेलला खरा स्वस्त पर्याय आहे. घटकांची यादी वाचा: ग्लुकोज सिरप, साखर, जिलेटिन किंवा पेक्टिन, रंग, स्वाद. १०० ग्रॅमला ७५ ग्रॅमच्या वर कार्ब्स, फॅट जवळजवळ शून्य. जिलेटिन जनावरांपासून बनतं, शाकाहारी असाल तर ते चालणार नाही, फळांपासून काढलेल्या पेक्टिनच्या गोळ्या शोधा. उन्हात त्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो, म्हणून पाकिटात चमचाभर कॉर्नफ्लोअर टाकून हलवून घ्या. कडक थंडीत उलट होतं, इतक्या चिवट होतात की चावताना दम लागतो. थंडीत त्या बाहेरच्या खिशात न ठेवता अंगालगतच्या कपड्यात ठेवा.

छोटे बटाटे सुपरमार्केटमधून आणून आदल्या रात्री घरी शिजवायचे. सालासकट उकडायचे, गरम असतानाच सोलून वर मीठ भुरभुरायचं, गार झाले की पिशवीत. १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमच कार्ब्स असतात, म्हणजे वजनाच्या मानाने कमी, पण चार-पाच तास गोड खाऊन झाल्यावर मीठ लावलेला बटाटा जिभेला जे सुख देतो त्याला तोड नाही. २०१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात १२ सायकलपटूंना बटाट्याचा लगदा आणि जेल देऊन तपासलं, तेव्हा दोन्हींची कामगिरी सारखीच आली. पोट फुगल्याची तक्रार बटाट्यात थोडी जास्त होती. म्हणून तोही थोडा थोडाच.

काय फळीवरच ठेवायचं

शेंगदाणे आणि बदाम-काजूसारखा तेलकट सुका मेवा. लोक हौसेने मूठ-मूठ खातात. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ४९ ग्रॅम फॅट आणि जेमतेम १६ ग्रॅम कार्ब्स. डब्यात ठेवा, राइडनंतर खा. तीनशेच्या पुढच्या संथ राइडमध्ये, थांबून बसलात तर मूठभर चालतील.

प्रोटीन बार सायकल चालवताना उपयोगाचा नाही आणि महाग असतो.

'शुगर-फ्री' लिहिलेलं काहीही नको. यात दोन तोटे आहेत. एक तर ज्या साखरेसाठी आपण खातो तीच नसते. दुसरं म्हणजे त्यात सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉलसारखे पदार्थ असतात आणि ते जास्त पोटात गेले की जुलाब होतात. आजूबाजूला मैलोन्मैल आडोसा नसलेल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

चॉकलेट थंड हवेत थोडं ठीक आहे. उन्हात वितळून जर्सी खराब करतं, आणि फॅटही त्यात बरंच असतं. चिप्स दोन-चार तोंडी लावायला छान, पण इंधन म्हणून नाही.

घरचं पेय

याला लागतात फक्त साखर, मीठ, लिंबू. ७५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, म्हणजे सपाट दहा छोटे चमचे. मीठ एक अष्टमांश छोटा चमचा, खूप घाम येणाऱ्याने पाव चमचा. लिंबू चवीपुरतं. साखर आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून घ्या, नाहीतर बाटलीच्या तळाशी बसते आणि शेवटचा घोट पाकासारखा लागतो. हे मिश्रण साधारण सव्वापाच टक्क्यांचं होतं. सहा-सात टक्क्यांपर्यंत पोट खुशीत असतं. आठच्या वर, विशेषतः उन्हात, मळमळायला लागू शकतं.

मिठाचं कारण सांगते. एका लिटर घामातून साधारण अर्धा ते एक ग्रॅम सोडियम जातं, काहींचं त्याहून जास्त. घाम सुकल्यावर काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुम्ही जास्तवाल्यांत आहात. एक ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते उन्हाइतकंच घातक ठरू शकतं. तहान लागेल तसं प्या, जबरदस्तीने बाटल्या रिकाम्या करू नका.

दोन बाटल्या असतील तर एकीत हे पेय आणि दुसरीत साधं पाणी ठेवा. गोड घासानंतर तोंड धुवायला, डोक्यावर ओतायला, आणि दातांसाठीही साधं पाणी लागतं. दिवसभर साखर दातांवर राहिली तर किडतात, म्हणून प्रत्येक खाण्यानंतर एक चूळ. वाटेत बाटली भरायची असेल तर ४० ग्रॅम साखर आणि मीठ आधीच मोजून छोट्या पुड्या करून न्या. रस्त्याच्या कडेला चमचे मोजत बसायचं नाही.

एका राइडचा हिशेब

समजा पाच-सहा तासांची राइड आहे आणि ३०० ग्रॅम कार्ब्स हवेत. पेयाच्या तीन बाटल्या म्हणजे १२०, दोन केळी ५४, दोन सँडविच ८०, जेली गोळ्या ६० ग्रॅम वजनाच्या म्हणजे ४६. झाले ३००. वजन फार नाही, आणि जर्सीच्या पाठीवरच्या तीन खिशांत सगळं मावतं.

खिशांचीही रीत आहे. केळी मधल्या खिशात, देठ वर करून, म्हणजे वाकलात तरी चेपत नाहीत. सँडविच उजव्या खिशात, किंवा ज्या हाताने सहज खाता त्या बाजूला. गोळ्या टॉप ट्यूब बॅगमध्ये, म्हणजे सीटसमोरच्या आडव्या दांडीवर बांधायच्या छोट्या पिशवीत, पाकीट आधीच फोडून, तोंड उघडं ठेवून. घट्ट बंद पाकीट दातांनी फोडायचा प्रयत्न चालत्या सायकलवर करायचा नाही. रिकाम्या कागदांसाठी डावा खिसा राखून ठेवा. रस्त्यावर एकही कागद पडता कामा नये, या बाबतीत मी फार कडक आहे.

पहिला घास राइड सुरू झाल्यावर अर्ध्या तासात. भूक नसली तरी. भूक लागेपर्यंत थांबलेला माणूस मागेच राहतो, कारण खाल्लेलं रक्तात पोचायलाही वेळ लागतो. त्यानंतर दर वीस मिनिटांनी सायकल कॉम्प्युटरवर किंवा घड्याळावर गजर लावा. प्रत्येक गजराला २० ग्रॅमच्या आसपास: ब्रेडचे दोन चौकोन, किंवा अर्धं केळं आणि दोन घोट पेय, किंवा पाच-सहा गोळ्या. गोळीचं वजन पाकिटागणिक बदलतं, एकदा घरी तोलून बघा. चढाच्या पायथ्याशी पोचण्याआधी खा. चढावर श्वास लागलेला असताना घास घशात जात नाही, आणि उतारावर दोन्ही हात ब्रेकवर हवेत. सपाट, मोकळा, ओळखीचा रस्ता ही खाण्याची जागा. एका हाताने सायकल सरळ चालवता येत नसेल तर थांबून खा. मिनिटभराने काही बिघडत नाही.

घन आणि चावायचे पदार्थ पहिल्या निम्म्या वेळात संपवा, पातळ आणि गोड शेवटासाठी ठेवा. दमलेल्या पोटाला उत्तरार्धात बटाट्यापेक्षा जेली गोळी आणि पेय सोपं जातं. खारट मात्र मधूनमधून हवंच, साधी खारी क्रॅकर बिस्किटं सुद्धा चालतात. चव बदलली नाही तर माणूस खाणंच बंद करतो, आणि तिथून घसरण सुरू होते.

पोटालाही सराव लागतो, पायांना लागतो तसाच. तासाला ६० ग्रॅम पहिल्यांदाच खाणाऱ्याला जड वाटतं. आठवड्याच्या राइडमध्ये आधी ३०, मग ४०, मग ५० असं वाढवत न्या. काही आठवड्यांत आतडं सरावतं. मोठ्या राइडच्या दिवशी नवीन पदार्थ पहिल्यांदा तोंडात घालू नका, मग तो कितीही चांगला का असेना. मधुमेह असणाऱ्यांनी किंवा साखरेची औषधं घेणाऱ्यांनी इथले आकडे तसेच्या तसे उचलू नयेत, डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

वाटेत दुकानात थांबलात तर

मोठ्या राइडमध्ये सगळं सोबत नेता येत नाही, दुकानात थांबावं लागतंच. आत जायच्या आधी मनात यादी करा, नाहीतर थकलेलं डोकं फळ्यांसमोर नुसतं उभं राहतं आणि वीस मिनिटं जातात. माझी यादी कायम तीच असते: एक गोड पेय तिथेच प्यायला, एक खारट तिथेच खायला, एक पाकीट खिशात, पाणी. गोड पेय म्हणजे बहुतेक वेळा कोला. ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम साखर असते आणि थोडं कॅफिनही. संध्याकाळच्या डुलकीवर तो उतारा आहे. बाटली हलवून, झाकण सैल करून आधी वायू जाऊ द्या, फसफसणारा कोला पिऊन लगेच वाकून सायकल चालवली तर ढेकरांनी हैराण व्हाल. कोला आवडत नसेल तर फळांचा रस घ्या, त्यात १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. तो निम्मं पाणी घालून बाटलीत भरता येतो, वर चिमूटभर मीठ.

शेवटच्या अर्ध्या तासात पोट काहीच घेत नसेल तर एक गोष्ट करून बघा. गोड पेयाचा घोट तोंडात पाच-दहा सेकंद खळखळवा आणि थुंका. २००४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या प्रयोगात तासाभराच्या सायकल चाचणीत नुसतं असं तोंड खळखळवल्यानेही वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली होती. तोंडातल्या जाणिवेने मेंदूला इंधन येतंय असा निरोप जातो. घरापासून दहा किलोमीटर उरलेले असताना हे पुरतं, पन्नास उरलेले असताना नाही.

आणि बाँक झालाच, तुम्हाला किंवा सोबतच्या कुणाला, तर आधी सायकलवरून उतरा. सावलीत बसवा, एकट्याला सोडून पुढे जाऊ नका. ३०-४० ग्रॅम झटपट साखर द्या: कोला, रस, जेली गोळ्या, घरचं पेय, जे हाताशी असेल ते. ब्रेड किंवा बटाटा या वेळी नको, त्यांना वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटांत बोलणं पूर्ववत व्हायला लागतं. मग हलक्या गिअरवर, सावकाश निघा आणि पुढचा तासभर दर दहा मिनिटांनी छोटा घास घ्या. बोलणं अडखळत राहिलं, तोल जात राहिला किंवा गुंगी गेली नाही तर राइड तिथेच संपवा आणि गाडी बोलवा.